पाण्याखालचा पाट

निघोजे, ५ जानेवारी २०२५

स्वरूपा मॅडम,

निघोज्याहून बिरूचा नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही ते फाडून टाकलं नसेल, तर पुढे वाचा.

फोन तुम्ही उचलत नाही. मी सात वेळा केला. आठव्या वेळी आमच्या पुनमने हातातून काढून घेतला. म्हणाली, "त्यास्नी बोलायचं न्हाई, तर कशाला मागं लागलाय?" बायकोपुढे कुणाचं चालतं? म्हणून हे पत्र. पत्ता माझ्याकडे होताच. तुम्ही प्रयोगशाळा सोडलीत तेव्हा तुमची पुस्तकं मीच खोक्यांत भरली आणि वर जाड पेनाने 'द्वारा उद्धवराव, जठारपेठ, अकोला' असं लिहिलं. तिथे तुम्ही आता शिकवणी वर्गात शिकवता असं कळलं. तुमच्या वडिलांनाही माझा नमस्कार सांगा.

पत्राला कारण चांगलं आहे. आमची तेजल तिसरीत आहे आणि शाळेतल्या पाढ्यांच्या स्पर्धेत ती पहिली आली. एकोणीसचा पाढा उलटा म्हणाली. मला सरळ येत नाही. बक्षीस म्हणून पाण्याची बाटली मिळाली, ती उशाशी घेऊन झोपते. ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला कळवायला हवी होती, कारण तुम्ही नसता तर त्या पोरीचं ऑपरेशन मी होऊच दिलं नसतं.

तुम्हाला आठवतं का ते? तीन वर्षं झाली. हर्नियाचं ऑपरेशन होतं, तासाभराचं काम. मी तेव्हा आपल्याकडे पिंजरे धूत होतो. सात दिवसांची उंदराची पिल्लं काचेच्या पेटीत सहा-सहा तास भुलीच्या गॅसमध्ये झोपलेली रोज बघत होतो. ती मोठी झाली की शिकलेलं विसरतात, हेही कानावर होतं. त्यामुळे पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टर 'भूल' म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "दुखलं तरी चालंल, पर माझ्या पोरीला गॅस नको." डॉक्टरांना वाटलं, मीच काहीतरी हुंगून आलोय.

पुनमने तुम्हाला फोन केला. तुम्ही पिंपळे सौदागरहून रिक्षाने आलात. जिन्याच्या पायरीवर माझ्या शेजारी बसलात. मी पिंजरे धुणारा माणूस, तुम्ही डॉक्टरेट झालेल्या. म्हणालात, "बिरू, आपण पिल्लांना सहा तास गॅस देतो, तोही जन्मल्यावर आठवड्याच्या आत. तेजल पाच वर्षांची आहे आणि तिला एकदाच, पाऊण तास देणार. एवढ्याने मुलांच्या डोक्यावर फरक पडतो असं मोठमोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. तुझी भीती खोटी नाही, पण ती इथली नाही." मग तुम्ही माझ्या हातातला फॉर्म घेऊन त्यातली ओळ न् ओळ वाचून दाखवलीत.

तेजल शुद्धीवर आली आणि पहिलं बोलली ते, "बाबा, माझी चप्पल कुठंय?" तुम्ही म्हणालात, "स्मरणशक्ती शाबूत." मी त्या दिवशी हसता हसता रडलो.

तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. इकडे मला सुपरवायझर केलं आहे. तुम्ही अहवालातले आकडे बदलले असं इथे बोललं जातं, ते मला मान्य नाही. आज एवढंच.

तुमचा,
बिरू

निघोजे, १६ जानेवारी २०२५

स्वरूपा मॅडम,

पत्र परत आलं नाही, याचा अर्थ पोचलं असावं. उत्तर नाही आलं तरी चालेल, मी लिहीत राहीन. चिवटपणा आमच्या घराण्यात आहे. माझा बाप माणदेशातून कोकणापर्यंत मेंढरांमागे चालत जायचा.

काल प्रयोगशाळेत पाहुणे आले होते. प्रयोगशाळेचे प्रमुख निरंजन सर, पण त्यांनी मला पुढे केलं, "बिरू, तू सांग." मी टाकी समजावून सांगितली. शब्द सगळे तुमचेच. म्हणालो, ही गोल टाकी. पाण्यात दुधाची पावडर टाकून ते गढूळ केलंय. त्याखाली दोन बोटं खोल एक पाट लपवलाय. उंदराला पोहता येतं, पण आवडत नाही. पाट सापडला की त्याला टेकायला मिळतं. पाट दिसत नाही, म्हणून तो भिंतीवरची चित्रं लक्षात ठेवतो, की चांदणीच्या डावीकडे गेलं की पाय टेकतात. पाच दिवस शिकवायचं, रोज किती सेकंद लागले ते लिहायचं. लहानपणी ज्यांनी गॅस हुंगला आणि ज्यांनी नाही हुंगला, त्यांचे सेकंद शेजारी ठेवले की कळतं, गॅसने शिकणं बिघडतं का.

पाहुणे खूश. त्यांत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी विचारलं, "आणि उंदराला पाण्यात सोडणारा माणूस कुठे उभा असतो?"

मी म्हणालो, "पडद्यामागे."

फटकन गेलं तोंडातून. नियम तोच आहे. उंदीर सोडायचा, पडद्यामागे जायचं, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघत घड्याळ दाबायचं. तुम्ही मला तीनदा समजावलं होतं. बाईंनी मान डोलावली. मला मात्र दुपारचा डबा गेला नाही. पुनमला वाटलं भाजी बिघडली, ती माझ्यावरच चिडली.

मॅडम, तुम्ही मला पिंजऱ्यांच्या खोलीतून काढून टाकीवर आणलंत. निरंजन सर नको म्हणत होते, बारावी पास माणूस, त्याला काय कळणार. तुम्ही म्हणालात, "जनावर याच्या हातात शांत राहतं. हे शिकवून येत नाही." माझ्याबद्दल कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. बापानेही नाही, त्याचं सगळं कौतुक कुत्र्याला जायचं. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या प्रयोगाचे चोवीस उंदीर माझ्या ताब्यात आले. बारा गॅसवाले, बारा साधे. कोणता कुठला, हे मला कधी सांगितलं नाही. तसा नियमच होता.

आणखी एक गोष्ट कळवायची आहे. निरंजन सरांच्या टेबलावर पुण्याच्या एका संस्थेचा कागद होता. तुम्ही तिथे अर्ज केलाय म्हणे. संस्थेने विचारलंय, चौकशी समितीचा तुमच्यावरचा ठपका कायम आहे का? सर म्हणाले, "आता काय लिहिणार? रेकॉर्डवर आहे ते आहे. आधीच्या चाचणीत गॅसवाले उंदीर विसरले. दुसऱ्या प्रयोगशाळेत विसरले. फक्त स्वरूपाचेच साध्या उंदरांच्या बरोबरीने शिकले. आणि तिसऱ्या दिवसाचे आकडे वगळले कुणी? तिनेच."

 मी तिथे फाईल धरून उभा होतो.

तुमचा,
बिरू

निघोजे, २८ जानेवारी २०२५

मॅडम,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आज जमेल असं वाटतं.

गेल्या वर्षी २८ फेब्रुवारीला तुम्ही शेवटच्या दिवशी मला टाकीच्या खोलीत बोलावलंत. दार लावलंत आणि विचारलंत, "बिरू, खरं सांग. तू काही वेगळं करत होतास का?" मी म्हणालो, "न्हाई मॅडम. समदं नेमावर."  तुम्ही म्हणालात, "ठीक आहे." बसची वेळ झाली होती.

मी खोटं बोललो.

आता जसं झालं तसं लिहितो. पहिल्या दिवशी चौथ्या नंबरचा उंदीर पाण्यात घाबरला. गोल गोल फिरून दमला, नाक पाण्याखाली जायला लागलं. मी पडद्यामागून धावत आलो, पाटाजवळ वाकलो आणि जिभेने च्यक् च्यक् केलं. ओढ्याच्या पाण्याला बुजणाऱ्या कोकराला आम्ही तसंच बोलावतो. चौथा नंबर माझ्याकडे आला. पाय पाटाला लागले. मी त्याला उचलून टॉवेलमध्ये घेतलं. तो थरथरत होता.

त्यानंतर मी पडद्यामागे गेलोच नाही. रोज पाटाच्या बाजूला, दाराजवळ उभा राहायचो. हीटरवर गरम केलेला टॉवेल खांद्यावर, आणि तोंडाने च्यक् च्यक्. छतावरच्या कॅमेऱ्यात फक्त पाणी दिसायचं, मी नाही. उंदीर भराभर शिकले. तुम्ही आकडे बघून म्हणायचात, "बिरू, तुझ्या हाताला गुण आहे." मी फुगून जायचो. मला वाटायचं, माझी माया बघून ते शिकतायत. त्यांनी चांदणी बघितलीच नाही, मॅडम. ते मला बघत होते. पाट कुठे आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांना एवढंच ठाऊक होतं की हा माणूस उभा आहे तिकडे जायचं.

हे मला कळलं तिसऱ्या दिवसानंतर. त्या दिवशी म्हसवडला आईची तब्येत बिघडली म्हणून मी रजेवर होतो आणि टाकीवर आपली मिनल होती. ती नियमाने पडद्यामागे गेली. बाराच्या बारा गॅसवाले भरकटले. कोणते बारा ते मला नंतर कळलं, पण बारा उंदरांचे सेकंद वाढलेले मी चौथ्या दिवशी सकाळीच पाहिले. तुम्ही चक्रावला होता. मला विचारलंत, असं कसं झालं? मला उत्तर सुचलं होतं. आणि मी म्हणालो, "मॅडम, मिनलला घड्याळ नीट दाबता येत न्हाई. नवीन हाय ती."

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. तिसऱ्या दिवसाचे आकडे वगळलेत. वहीत स्वतःच्या हाताने लिहिलंत, 'तंत्रज्ञाच्या चुकीमुळे वगळले'. कुणाची चूक ते लिहिलं नाहीत, मिनलचं नाव झाकलंत. पुढे समितीने तीच ओळ धरली. म्हणाले, गॅस बनवणाऱ्यांना खूश करायला हिने नको तो दिवस काढून टाकला. तुम्ही समितीपुढेही कुणाचं नाव घेतलं नाहीत.

मी का बोललो नाही? भीती वाटली. पुन्हा पिंजरे धुवायला लागतील म्हणून, आणि त्याहून जास्त, तुमच्या नजरेतून उतरेन म्हणून. तुमचं नाव गेलं तरी चालेल पण तुमच्या लेखी मी हुशार राहिलो पाहिजे, असा हा हिशेब. लिहितानाही लाज वाटते.

आज सकाळी पुनमला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून म्हणाली, "ज्या बाईनं आपल्या पोरीसाठी पायरीवर बसकण मारली, तिलाच तुमी बुडवलं व्हय?" 

उद्या निरंजन सरांना सांगणार आहे. आधी तुम्हाला कळवावं असं वाटलं. माफी मागायची माझी लायकी नाही, पण मागतो.

बिरू

निघोजे, १३ फेब्रुवारी २०२५

स्वरूपा मॅडम,

तुमचं पत्र आलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि उघडायचा धीर होईना. शेवटी तेजलने उघडलं. ती वाचायला लागली आणि म्हणाली, "बाबा, ही तर प्रश्नपत्रिका आहे."

खरंच तशीच आहे. वर नमस्कार नाही, खाली आशीर्वाद नाही. नुसते चौदा प्रश्न, आणि शेवटी एका प्रयोगाचा आराखडा. टाकीपासून किती हातांवर उभा होतास? शर्ट रोज तोच होता का? च्यक् च्यक् उंदीर सोडल्यावर किती सेकंदांनी? टॉवेल कोणत्या खांद्यावर? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तोंड पडलं. वाटलं, दोन शिव्या तरी घालायच्या होत्या. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं, तुम्ही मला आधी प्रयोगाच्या दिवशी विचारायचात तसंच विचारलंय. चुकार माणसाला कुणी असे प्रश्न विचारत नाही, कामाच्या माणसाला विचारतात. मॅडम, मला फार बरं वाटलं. उत्तरं वेगळ्या कागदावर जोडली आहेत. जे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असं लिहिलंय, अंदाज ठोकलेला नाही.

निरंजन सरांना सांगितलं. आधी हसले, मग खुर्चीत बसले. म्हणाले, "तू शुद्धीवर आहेस ना? हे लेखी दिलंस तर तुझी सुपरवायझरी गेली, आणि समितीने चुकीचा ठपका ठेवला म्हणून आमचीही शोभा." मी म्हणालो, "सर, लेखीच देतोय." कागद पुढे ठेवला. त्यांनी दोन दिवस खिशात ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो समितीकडे पाठवला. माणूस वाईट नाही, फक्त सावकाश आहे.

मिनलला सांगणं जास्त जड गेलं. वर्षभर सगळे तिला घड्याळावरून चिडवत होते आणि मीही हसत होतो. कँटीनमध्ये तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला. "भाऊ, तुमची कमालच हाय. मी घरी जाऊन घड्याळ दाबायची प्रॅक्टिस करायची! रोज! मोबाईल घेऊन!" मग ती उठून गेली. दुपारी येऊन म्हणाली, "मॅडमचं काम कधी करायचं सांगा. टाकीवर मी उभी राहणार. तुमी न्हाई."

समितीतले बाहेरचे सभासद नानासाहेब, ते जनावरांचे निवृत्त डॉक्टर, ते म्हणाले की नुसत्या कबुलीने ठपका निघत नाही. उद्या कुणीही कुणासाठी कबुली देईल. ती सिद्ध करावी लागेल. तुमच्या पत्रात शेवटी जो प्रयोग तुम्ही सुचवलाय तो मी त्यांना वाचून दाखवला. पुन्हा चोवीस उंदीर, पुन्हा तसंच शिकवायचं, बिरूने पाटाजवळ उभं राहून च्यक् च्यक् करायचं. सहाव्या दिवशी पाट तिथेच ठेवायचा आणि बिरूने समोरच्या बाजूला, पाट नाही तिथे उभं राहायचं. नानासाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "ही पोरगी शिकवणी वर्गात काय करतेय?"

परवानगी मिळाली आहे. पिल्लं मोठी व्हायला मे महिना उजाडेल. पुण्याच्या संस्थेला निरंजन सरांनी कळवलंय की फेरतपासणी सुरू आहे, जूनपर्यंत थांबा. त्यांनी थांबतो म्हटलंय. तुम्हीही थांबा, मॅडम.

तुमचा,
बिरू

निघोजे, २१ मे २०२५

स्वरूपा मॅडम,

काल तुम्ही अकोल्याहून फोनच्या पडद्यावर टाकी बघत होता. तुम्हाला पाणी दिसत होतं, मी दिसत नव्हतो. म्हणून माझ्या बाजूचं लिहितो.

पाच दिवस मी तेच केलं जे तेव्हा केलं होतं. तोच आकाशी शर्ट, तोच गरम टॉवेल. उंदीर तसेच भराभर शिकले. पाचव्या दिवशी तर पाण्यात पडल्या पडल्या माझ्याकडे तोंड. मला आनंद व्हायचा आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटायची.

सहाव्या दिवशी मी समोर जाऊन उभा राहिलो. निरंजन सर, खुर्चीत नानासाहेब आणि घड्याळ घेऊन मिनल, सगळे पडद्यामागे. मला बजावलं होतं, रोजच्यासारखं च्यक् च्यक् करायचं, पण उंदीर आला तरी साठ सेकंद हात लावायचा नाही.

मिनलने पहिला सोडला. मी आवाज दिला. तो सरळ माझ्याकडे आला. टाकीच्या भिंतीला पुढचे दोन पाय लावले आणि वर बघितलं. पायाखाली पाट नव्हता. तो घसरला, पुन्हा पाय लावले, पुन्हा वर बघितलं. मी हात पाठीमागे बांधून उभा. मॅडम, साठ सेकंद काय असतात ते मला काल कळलं. त्याचा माझ्यावर विश्वास होता आणि मी त्याला मुद्दाम चुकीच्या जागी बोलावलं होतं. सेकंद संपल्यावर मिनल "झालं" म्हणाली आणि मी त्याला उचललं.

गॅसवाल्या बारांपैकी अकरा माझ्याकडे आले आणि तिथेच धडपडत राहिले. साधे बारा आधी माझ्याकडे वळले, पण त्यांतल्या दहा जणांनी मध्येच थांबून भिंतीकडे बघितलं, फिरले आणि पाटावर जाऊन बसले. त्यांना मीही ठाऊक होतो आणि चांदणीही ठाऊक होती. कोणते गॅसवाले ते सगळं संपल्यावर लखोटा फोडून कळलं.

नानासाहेबांनी कागद दोनदा तपासला. मग निरंजन सरांकडे वळून म्हणाले, "आकडे खरेच होते, हो. उंदीर पाटाकडं जातच नव्हते. ह्या गड्याकडं जात होते. त्या मुलीनं एक आकडासुद्धा बदललेला नाही."

 फोनमधून तुमचा नाक ओढल्याचा आवाज आला. मिनलने फोन पालथा ठेवला, म्हणाली, "मॅडमना जरा वेळ द्या." मीही बाहेर जाऊन पिंजऱ्यांच्या खोलीत उभा राहिलो आणि पोटभर रडलो. लाजेने रडलो आणि सुटलो म्हणूनही रडलो.

तुमचा,
बिरू

निघोजे, १५ जून २०२५

स्वरूपा मॅडम,

ठपका काढल्याचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. त्याची एक प्रत निरंजन सरांनी फलकावर लावली आहे. स्वतः टाचण्या आणून लावली, वाकडी लागली म्हणून पुन्हा काढून सरळ लावली. पुण्याच्या मुलाखतीला जाताना तुम्ही निघोज्याला याल असं मिनल म्हणते. पुनमने आत्ताच विचारून ठेवलंय, मॅडमना तिखट चालतं का. मी म्हणालो, चालतं, आपल्यापेक्षा जास्त.

मी पुन्हा पिंजऱ्यांवर आहे. समितीने सांगितलं, वर्षभर टाकीजवळ जायचं नाही. बरोबर आहे. काम मला आवडतं, आणि इथे मी हवं तेवढं च्यक् च्यक् करू शकतो, कुणाच्या आकड्यांत ते जात नाही. टाकीवर मिनल आहे. तिचं घड्याळ एवढं चोख चालतं की आता सगळे तिला घाबरतात.

काल तुमचं पत्र आलं. यावेळी वर 'प्रिय बिरू' असं होतं, ते मी पुनमला दोनदा दाखवलं. गॅसने शिकणं बिघडत नाही हा तुमचा जुना निष्कर्ष तुम्ही स्वतःच मागे घेताय, आणि का चुकला ते छापताय, हे वाचून छाती भरून आली. मला वाटलं होतं, नाव स्वच्छ झालं की तुम्ही थांबाल. चूक कशी सापडली त्या ओळीत माझं नाव घालू का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घाला. पूर्ण घाला, बिरू मारुती कोळेकर. माझ्या बापाचं नाव आजवर फक्त सातबारावर छापलं गेलंय.

मॅडम, तुम्ही माझ्या लेकीला भुलीतून निर्धास्त उठवलंत. मी तुम्हाला बुडवलं, तरी तुम्ही मला प्रश्न विचारून पुन्हा माणसांत घेतलंत. याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून तुम्हाला आवडेल अशी बातमी देतो.

त्या बारा गॅसवाल्यांना मिनलने पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. मी खोलीत नाही, आवाज नाही, नुसती टाकी आणि भिंतीवरची चित्रं. पहिले काही दिवस ते मलाच शोधत राहिले, असं ती म्हणाली. मग हळूहळू भिंतीकडे बघायला लागले. साध्या उंदरांना पाच दिवस लागतात. पण शेवटी बाराच्या बारा पाटावर पोचले. त्यांना अकरा दिवस लागले.

तुम्ही मला विचारलंत २८ फेब्रुवारीला आणि मी खरं सांगितलं २८ जानेवारीला. मला अकरा महिने लागले. आणि मला तर कुणी गॅसही दिला नव्हता.

तुमचा,
बिरू